उडणाऱ्या मोटारी आणि उडविलेली माणसे

चार शिकलेल्या माणसांच्या बैठकीत चित्रपट-दिग्दर्शक रोहित शेट्टी यांचे नाव काढावे आणि काय होते ते पाहावे. एकजण हसतो. दुसरा मोटार हवेत कशी उलटते ते हातवारे करून दाखवितो. तिसरा म्हणतो की, असल्या चित्रपटांना गर्दी करणाऱ्या लोकांची कीव येते. चौथा गप्प बसतो, कारण तो नुकताच मुलाबाळांना घेऊन तोच चित्रपट पाहून आलेला असतो. आणि खरे सांगावयाचे तर उरलेल्या तिघांनीही तो पाहिलेला असतो. नाही तर मोटार कोणत्या बाजूला उलटली हे त्यांना कसे कळले असते?

या टिंगलीचा आणि या गर्दीचा मेळ कसा घालावयाचा, हा या लेखाचा विषय आहे. करमणुकीच्या गोष्टीला हक्कांच्या आणि धम्माच्या पाक्षिकात जागा कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, न्याय म्हणजे काय, गुन्हेगार म्हणजे कोण आणि शिक्षा करण्याचा अधिकार कोणाचा, याचे चित्र आपल्या घरातील मुलांच्या मनावर नागरिकशास्त्राच्या पुस्तकाच्या कितीतरी आधी पडद्यावरून उमटते. ते चित्र खोटे असेल तर त्याची किंमत कोण मोजतो, याचा हिशोब आपल्या समाजाने मांडलाच पाहिजे.

प्रथम ज्यांच्याविषयी बोलावयाचे त्यांची ओळख नीट करून घेऊ. रोहित शेट्टी हे एम. बी. शेट्टी यांचे पुत्र. जुन्या हिंदी चित्रपटांत नायकाच्या हातचा मार खाणारा, डोके तुळतुळीत केलेला धिप्पाड गुंड म्हणून ज्यांना प्रेक्षक नुसते ‘शेट्टी’ म्हणून ओळखीत, ते हेच. हाणामारीची दृश्ये बसविणे हा त्यांचा व्यवसाय होता. १९८२ साली ते वारले तेव्हा मुलगा लहान होता. पुढे घराला हलाखीचे दिवस आले, असे रोहित शेट्टी यांनी स्वतःच सांगितले आहे. १९९१ सालच्या ‘फूल और काँटे’ या चित्रपटाच्या वेळी त्यांनी साहाय्यक म्हणून उमेदवारी केली. २००३ साली ‘जमीन’ हा पहिला चित्रपट दिग्दर्शित केला. २००६ च्या ‘गोलमाल’ने नाव झाले, २०११ च्या ‘सिंघम’ने ते घरोघर पोहोचले, आणि २०१३ च्या ‘चेन्नई एक्स्प्रेस’ने दोनशे कोटी रुपयांच्या वर गल्ला जमविला. ‘सिंघम रिटर्न्स’ (२०१४), ‘सिम्बा’ (२०१८), ‘सूर्यवंशी’ (२०२१), ‘सिंघम अगेन’ (२०२४) अशी पोलिसी पराक्रमाची एक मालिकाच त्यांनी उभी केली. मार खाण्याचे कसब विकून ज्या घरात चूल पेटत होती, त्या घरातून हा मनुष्य वर आला आहे. त्याच्या मेहनतीविषयी आमचे काहीएक म्हणणे नाही. आता त्याच्या द्वेषाची कारणे एकेक करून तपासू.

पहिले कारण असे दिले जाते की, या चित्रपटांत अशक्य गोष्टी घडतात. मोटारी चेंडूप्रमाणे उडतात, नायकाच्या एका ठोशाने दहा माणसे आडवी होतात. हे कारण नाशिकच्या मनुष्याने तरी पुढे करू नये. हिंदी चित्रपटाच्या धंद्याची मुळे याच मातीत आहेत. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० सालचा, त्र्यंबकेश्वरचा. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत प्रदर्शित झाल्यावर त्यांनी आपले बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला आणला. १९१७ साली ‘लंकादहन’ निघाला. त्यात मारुती उडाला, लंका जळाली आणि लोकांनी चित्रपटगृहांवर झुंबड केली. त्या चित्रपटाच्या उत्पन्नाची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, अशी हकीकत आजही सांगितली जाते. १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये फाळक्यांच्या लहानग्या मुलीने कृष्णाचे सोंग घेऊन नागाच्या फण्यावर नाच केला. सारांश, कॅमेऱ्याच्या युक्तीने अशक्य ते शक्य करून दाखविणे हा या कलेचा जन्मस्वभाव आहे. मारुती उडाला तेव्हा ज्या समाजाने हात जोडले, त्या समाजाला मोटार उडाली म्हणून बुद्धिप्रामाण्य आठवावे, हा विनोदच म्हणावयाचा. चमत्कार नको असेल तर दोन्ही नकोत. खेळ म्हणून चालत असेल तर दोन्ही चालावेत.

दुसरे कारण असे की, हे चित्रपट ठराविक साच्याचे आणि उसन्या कथांचे असतात. हे म्हणणे खरे आहे. ‘सिंघम’ हा २०१० च्या ‘सिंगम’ या तमिळ चित्रपटावरून घेतलेला. ‘सिम्बा’ हा २०१५ च्या ‘टेम्पर’ या तेलुगू चित्रपटावर आधारलेला. परंतु उसनवारी हा हिंदी चित्रपटसृष्टीचा फार जुना रिवाज आहे. ज्यांनी परदेशी चित्रपटांवरून कथा उचलल्या अशा कित्येक दिग्दर्शकांना हीच मंडळी अभिजात म्हणून डोक्यावर घेतात. साचा हा दोष असेल तर तो सगळ्यांचा. तेवढ्यासाठी एकाच माणसाचे नाव थट्टेचा विषय का व्हावे?

तिसरे कारण उघडपणे क्वचित बोलले जाते. पण सर्वांत बळकट तेच आहे. ‘असले चित्रपट कोण पाहतो?’ या प्रश्नात ते दडलेले आहे. शिट्टी वाजविणारा, पडद्यावर पैसे उधळणारा, पुढल्या रांगेत बसणारा माणूस आपल्यापेक्षा खालचा आहे, हे सिद्ध करण्याचे स्वस्त साधन म्हणजे त्याच्या आवडत्या दिग्दर्शकाची टिंगल. ही टिंगल महाराष्ट्राला नवी नाही. तमाशाची कला महार, मांग, कोल्हाटी या समाजांतील कलावंतांनी जिवंत ठेविली. वरच्या आळीतल्या माणसाने ती रात्री पाहिली आणि सकाळी तिला नावे ठेविली. ज्या बाईच्या गाण्यावर त्याने दौलतजादा केला, तिच्या सावलीचा त्याला दुसऱ्या दिवशी विटाळ झाला. पुढे १९७१ साली ‘सोंगाड्या’ आला. गिरणी कामगाराच्या घरात वाढलेल्या दादा कोंडके यांचे चित्रपट एकामागून एक रौप्यमहोत्सवी होऊ लागले, तेव्हाही अभिरुचीच्या रखवालदारांनी नाके मुरडली. दादांच्या द्व्यर्थी संवादांवर टीका करण्यासारखे पुष्कळ होते, आणि स्त्रियांच्या बाजूने ती करावयासही हवी होती. पण नाके मुरडणाऱ्यांचा रोख संवादांपेक्षा ते ऐकून हसणाऱ्या लोकांवर अधिक होता.

जन्माने उंच-नीच ठरविण्याची सोय कायद्याने काढून घेतली, तेव्हा आवडीनिवडीवरून उंच-नीच ठरविण्याची सोय शोधण्यात आली. आपण या खेळात सामील होऊ नये. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अडाणी म्हणून हिणविले, त्यांच्या नातवाने चार पुस्तके वाचून दुसऱ्या अडाण्याला हिणवावे, यासारखी केविलवाणी प्रगती नाही. शिवाय पुढल्या रांगेतला प्रेक्षक वाटतो तितका भोळाही नाही. याच रोहित शेट्टींचा ‘सर्कस’ २०२२ च्या नाताळात आला, त्याला याच प्रेक्षकाने पाठ दाखविली. पैसे कशाला द्यावयाचे आणि कशाला नाही, हे त्याला चांगले समजते.

मग टीका करूच नये काय? करावी, कठोरपणे करावी, पण जेथे दोष आहे तेथे करावी. आमची तक्रार अशी की, हसणारे आणि शिट्टी वाजविणारे हे दोघेही मुख्य गोष्टीकडे डोळेझाक करतात.

ती मुख्य गोष्ट अशी. ‘सिंघम’च्या शेवटी काय घडते ते आठवा. खलनायक दुष्ट आहे, खुनी आहे, राजकारणाच्या जोरावर कायद्याला खिशात घालणारा आहे, हे सर्व कबूल. पण त्याला पकडून न्यायालयापुढे उभे केले जात नाही. गणवेशातले अधिकारी मिळून त्याच्यावर चालून जातात, त्याला ठार करतात, आणि प्रकरण सोयीस्कर रीतीने मिटविले जाते. ‘सिम्बा’त याच्याही पुढची पायरी गाठली आहे. एका तरुणीवर अत्याचार करून तिचा खून करणाऱ्यांना पोलीस ठाण्यातच गोळ्या घातल्या जातात, चकमकीचा देखावा उभा केला जातो आणि नायक उजळ माथ्याने सुटतो. तेथे आरोपीही पोलीस ठरवितो, पुरावाही पोलीस तोलतो, शिक्षाही पोलीसच देतो. न्यायाधीशाचे काम शेवटी मान डोलावण्यापुरते उरते. २०२३ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी एका जाहीर कार्यक्रमात ‘सिंघम’चे नाव घेऊन नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेविले होते. न्यायाधीश भित्रे आणि निरुपयोगी दाखवावयाचे आणि एकट्या पोलिसाला न्यायदाता करावयाचे, यातून फार घातक संदेश जातो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

या ठिकाणी एक जुना चित्रपट आठवतो. १९८३ साली गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ आला. पटकथा विजय तेंडुलकरांची, मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची. त्यातला वेलणकर हाही मराठी फौजदारच; तोही व्यवस्थेने पिचलेला, तोही संतापलेला. त्याच्या हातून कोठडीत एक क्षुल्लक चोर मार खाऊन मरतो. तो मृत्यू चित्रपटाने पराक्रम म्हणून दाखविला नाही; माणूस आतून कसा किडतो, त्याची खूण म्हणून दाखविला. शेवटी गुंडाला मारल्यावर तो अधिकारी स्वतः पोलिसांच्या स्वाधीन होतो. त्या चित्रपटापासून ‘सिंघम’पर्यंत २८ वर्षे गेली. तेवढ्या अवधीत जो रोग होता तोच बाणा झाला, आणि कोठडीतला मार ही टाळीची जागा झाली.

आता आम्ही आमचे मत स्पष्ट सांगतो. प्रेक्षक या दिग्दर्शकाचा द्वेष करतो, कारण त्याला स्वतःच्या मागणीची लाज वाटते. खटला नको, वकील नको, साक्षी-पुरावे नकोत. कोणीतरी बलदंड मनुष्य यावा आणि दुष्टाला जागच्या जागी खलास करावा, ही इच्छा त्याच्या मनात असते. सभ्य माणसाला ती उघड बोलता येत नाही. अंधारात तीन तास ती पुरवून घेतल्यावर उजेडात आल्यानंतर तो मोटारींना हसतो. मोटारींना हसले म्हणजे उरलेल्या गोष्टींशी आपला संबंध नाही, असे स्वतःला पटविता येते. दारू पिऊन आल्यावर गुत्तेदाराला शिव्या देणाऱ्याची ही तऱ्हा आहे. त्या शिव्यांनी गुत्ता बंद पडत नाही आणि पिणाऱ्याची सवयही सुटत नाही. दिग्दर्शकही हे ओळखून असतो. म्हणून टीकेने तो जराही विचलित होत नाही आणि पुढल्या चित्रपटात आणखी दोन मोटारी उडवितो.

ही इच्छा अंधारातच राहिली असती तर आम्ही एवढे लिहिले नसते. ती रस्त्यावर आली आहे. २०१९ साली हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्यक स्त्रीवर अत्याचार करून तिला जाळण्यात आले. देश हादरला आणि ते योग्यच झाले. पण त्यानंतर चार आरोपींना पोलिसांनी पहाटे नेऊन गोळ्या घातल्या, आणि लोकांनी त्या पोलिसांवर फुले उधळली. तो दिवस होता ६ डिसेंबर. ज्या दिवशी लक्षावधी लोक चैत्यभूमीवर घटनाकारांच्या स्मृतीस अभिवादन करीत होते, त्याच दिवशी घटनेने दिलेल्या न्यायपद्धतीच्या प्रेतावर फुले पडत होती. पुढे सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. पोलिसांची हकीकत विश्वासार्ह नाही आणि आरोपींवर जिवे मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या, असा निष्कर्ष त्या आयोगाने काढला. तो २०२२ साली जाहीर झाला. तोपर्यंत फुले सुकून गेली होती आणि आयोगाचा अहवाल वाचावयास कोणी रांग लावली नाही. चित्रपटामुळे हे घडले असे आम्ही म्हणत नाही. एवढेच म्हणतो की, ‘सिम्बा’ त्याच्या आदल्या वर्षी आला होता, आणि ती फुले उधळणाऱ्या हातांना टाळ्यांची सवय आधीच झालेली होती.

दूर कशाला, आपल्या महाराष्ट्रात पाहा. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराचा आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. पेढे वाटले गेले; सूड पुरा झाल्याचे फलक मुंबईत झळकले. पुढच्याच जानेवारीत दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल उच्च न्यायालयापुढे आला आणि त्यात पाच पोलिसांना त्या मृत्यूस जबाबदार धरले होते. योगायोग असा की, चकमकीत मृत्यू झाल्यास गुन्हा नोंदविलाच पाहिजे, तपास स्वतंत्र यंत्रणेने केला पाहिजे, दंडाधिकाऱ्यांची चौकशी झालीच पाहिजे, हे नियम सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच खटल्यात बरोबर दहा वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर २०१४ रोजी घालून दिले होते. त्या चिमुरड्या मुलींच्या आईबापांच्या संतापाला आम्ही वंदन करतो. पण त्यांना काय मिळाले? आरोपी बोलता उरला नाही. भर न्यायालयात पुरावा मांडला जाऊन दोष सिद्ध होण्याचे समाधान त्यांच्याकडून कायमचे हिरावले गेले.

कोणी म्हणेल, गुन्हेगार मेला तर तुमचे काय बिघडले? बिघडते ते असे की, गुन्हेगार कोण हे ठरविण्याआधीच तो मरतो. आपल्या नाशिक जिल्ह्यातील मालेगावचे उदाहरण घ्या. ८ सप्टेंबर २००६ रोजी तेथे स्फोट झाले. नऊ मुसलमान तरुणांना पोलिसांनी पकडले आणि हेच अपराधी म्हणून जगापुढे उभे केले. त्यांपैकी बहुतेकांना पाच वर्षे तुरुंगात काढल्यावर २०११ साली जामीन मिळाला, आणि २०१६ साली विशेष न्यायालयाने त्यांच्यावरील आरोप टिकत नसल्याचे ठरवून त्यांना मुक्त केले. त्यांतला एक जण तो दिवस पाहावयास उरला नव्हता. आता विचार करा. २००६ साली एखाद्या ‘सिंघम’ने त्या नऊ जणांना रस्त्यात उभे करून गोळ्या घातल्या असत्या, तर आपण टाळ्या वाजविल्या असत्या की नाही? आणि त्या टाळ्यांचे २०१६ साली काय केले असते?

हा प्रश्न आपल्याला इतरांपेक्षा अधिक लागू आहे. जेथे कायदा संपतो आणि अधिकाऱ्याची मर्जी सुरू होते, तेथे बळी कोणाचा पडतो, हे सांगावयास ज्योतिषी नको. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण १६.६ टक्के आहे. खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच तुरुंगात असणाऱ्या कच्च्या कैद्यांत मात्र ते सरकारी आकडेवारीप्रमाणे पाचव्या हिश्श्याच्या आसपास जाते. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीस संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत कायद्याचे शिक्षण घेणारा एक आंबेडकरी तरुण पकडला गेला आणि १५ डिसेंबर रोजी कोठडीत असतानाच मरण पावला. त्याचे नाव आपणां सर्वांच्या ओठांवर आहे. त्या दिवशी पडद्यावरचा कोणताही वाघ त्याच्या मदतीस धावला नाही. त्याच्या आईने मात्र न्यायालयाचे दार ठोठाविले. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेविला. ज्या न्यायालयाला चित्रपटात दुबळे म्हणून हसावयाचे, त्याच न्यायालयाखेरीज त्या माउलीला दुसरा आधार नव्हता.

येथे एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आहे. न्यायालये फार मंद चालतात. देशात पाच कोटींहून अधिक खटले तुंबून पडले आहेत. गरिबाच्या नातवालाही निकाल पाहावयास मिळत नाही. मग त्याने पडद्यावर तरी न्याय झालेला का पाहू नये? या आक्षेपातली वेदना आम्हांस पूर्णपणे मान्य आहे, आणि ‘सिंघम’ला टाळ्या वाजविणारा शेतमजूर ही वेदना घेऊनच तेथे बसलेला असतो. परंतु या वेदनेवर जे औषध दिले जाते ते विषारी आहे. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी १९२७ साली ओंजळीत घेतले. त्या तळ्यावरचा हक्क उच्च न्यायालयात शाबीत होईपर्यंत १९३७ साल उजाडले. दहा वर्षे गेली. पण त्या निकालाने जे मिळाले ते एका माणसाच्या मर्जीने मिळाले नव्हते. म्हणून एका माणसाच्या मर्जीने ते परतही घेता येणार नव्हते. याच नाशकात २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराच्या दारात आपले वाडवडील उभे राहिले. पोलीस बंदोबस्त तेव्हाही होताच. दारे मात्र बंदच राहिली. रामनवमीच्या दिवशी दगडांचा वर्षाव झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी आणि त्यांच्या साथीदारांनी तुरुंग पत्करला, पण हातात दगड घेतला नाही. त्यांना झटपट न्यायाचा मोह झाला नसेल काय? झाला असेल. पण मनगटाच्या जोरावर न्याय ठरू लागला की ज्याचे मनगट बळकट त्याचा न्याय, आणि गावकुसाबाहेरच्याचे मनगट गावापुढे कधीच बळकट नसते, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

पूज्य बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे जे अखेरचे मोठे भाषण केले, त्यात याच धोक्याची सूचना आहे. सनदशीर मार्ग उघडा असताना तो सोडून जाणे म्हणजे अराजकाला आमंत्रण, आणि राजकारणातील विभूतिपूजा ही हुकूमशाहीकडे नेणारी वाट, असे त्यांनी बजाविले. विभूतिपूजा फक्त पुढाऱ्यांचीच होते असे नाही. खाकी कपड्यातल्या नायकाचीही होते, आणि ती तर अधिक भयंकर; कारण पुढाऱ्याला पाच वर्षांनी मते मागावी लागतात, खाकी नायकाला ते बंधन नाही.

चांगला चित्रपट खपत नाही, लोकांना मारामारीच हवी, असे सांगून धंदेवाले हात झटकतात. तेही खरे नाही. २०२१ च्या दिवाळीच्या आठवड्यात दोन चित्रपट आले. ५ नोव्हेंबरला ‘सूर्यवंशी’ चित्रपटगृहांत लागला. त्याच्या तीन दिवस आधी ‘जय भीम’ हा तमिळ चित्रपट घरबसल्या पाहावयास मिळू लागला. दुसऱ्याची कथा १९९३ सालच्या खऱ्या घटनेवर आधारलेली आहे. एका आदिवासी मनुष्याला चोरीच्या संशयावरून पोलीस नेतात, कोठडीत मारतात आणि तो पळून गेला असे सांगतात. त्याची गरोदर बायको आणि एक वकील उच्च न्यायालयात दाद मागतात. तो वकील, के. चंद्रू, पुढे स्वतः मद्रास उच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला. त्या चित्रपटातही थरार आहे, राग आहे, नायक आहे. पण नायकाच्या हातात कायद्याचे पुस्तक आहे. तो भाषेची भिंत ओलांडून देशभर पाहिला गेला. आपल्या मराठीत नागराज मंजुळे यांचे ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ लोकांनी डोक्यावर घेतले. ‘सैराट’ला पुढली रांगही आली आणि मागलीही. म्हणजे प्रेक्षक तयार आहे. त्याला मागावयास शिकविले पाहिजे.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. चित्रपटावर बंदी घाला, पोस्टर फाडा, असली भाषा आम्हांला नको. ज्यांनी बंदीचे चटके सोसले त्यांनी दुसऱ्यावर बंदी मागू नये. मुलांना चित्रपटाला नेऊ नका असेही आम्ही म्हणत नाही. न्या, मोटार उडाली की त्यांच्याबरोबर खुशाल हसा. पण घरी आल्यावर भाकरीच्या ताटाशी त्यांना एक प्रश्न विचारा: ‘त्या गुंडाला पकडून न्यायालयात का नेले नाही? आणि तो गुंड नसता, नुसता संशयित असता तर?’ मुलाने उत्तर दिले नाही तरी चालेल. प्रश्न त्याच्या मनात राहिला म्हणजे पुढच्या वेळी टाळी वाजविताना त्याचा हात क्षणभर थांबेल.

त्रिरश्मी लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे आणि त्याला लागूनच बुद्धविहार आहे. सुट्टीच्या दिवशी आपली कुटुंबे दोन्हीकडे जातात, आणि त्यात विसंगत काही नाही. करमणूक हवी, विवेकही हवा. पहिलीसाठी तिकीट काढावे लागते, आणि दुसरा घरच्या माणसांनी घरीच शिकवावा लागतो. दिग्दर्शकाचा द्वेष करून ते शिक्षण होत नाही. तो आपल्याला तेच विकतो जे आपण मागतो. आपण ज्या दिवशी चकमकीऐवजी खटला मागू, कोठडीतल्या मृत्यूचा जाब मागू आणि न्यायालयांत पुरेसे न्यायाधीश मागू, त्या दिवशी उडणाऱ्या मोटारींनी कोणाचे काही बिघडणार नाही. तोपर्यंत मोटारींना हसणाऱ्यांनी हेही पाहावे की, त्या धुळीत उडविलेली माणसे कोणाची आहेत.